एका उंबऱ्याचा फरक

माझं लग्न एका मतानं मोडलं. झालेलं नव्हे, होऊ घातलेलं. पुढं माझं रीतसर लग्न झालं, चांगल्या माणसाशी झालं, मुलं झाली, सुना आल्या. त्याबद्दल माझी कुणाकडं काही तक्रार नाही. पण जे झालं त्यापेक्षा जे झालं नाही त्याचीच आठवण टवटवीत राहते, हा कुठला न्याय ते मला या वयातही कळलेलं नाही. आणि ती आठवण सांगायची तर मला आधी अमेरिकेला जावं लागतं. मी जन्मात पुण्याच्या पलीकडं गेले नाही, तरी जावं लागतं.

कोल्हापूरचं राज्य मुंबईत विलीन झालं तेव्हा मी कॉलेजात होते. वडील दरबारच्या कचेरीत कारकून. रात्री दरबारचा म्हणून झोपलो आणि सकाळी मुंबई सरकारचा म्हणून उठलो, असं ते स्वतःच हसून सांगायचे. खुर्ची तीच, टेबल तेच, खिडकीतनं दिसणारं झाडही तेच, फक्त कागदावरचा शिक्का बदलला. मग दिल्लीला घटना झाली आणि आता सगळ्यांना मत मिळणार असं गावभर झालं. आमचा गवळी एकदा दूध मापता मापता वडलांना विचारत होता की हे मत मिळतं कुठं, रेशनच्या दुकानात का.

आमच्या इतिहासाच्या प्रोफेसरांना या सगळ्याचा फार उत्साह. उंच, जरा वाकलेले, फळ्यावर कमी आणि कोटावर जास्त खडू उठवणारे गृहस्थ. अभ्यासक्रमात अमेरिकेच्या घटनेचा एक धडा होता. तो इतर कॉलेजांत दोन तासांत उरकत असतील, यांनी त्याला दोन महिने लावले. ते म्हणायचे, तुम्ही उद्याचे मतदार, मत म्हणजे काय भानगड आहे ती आधी बघून घ्या. आणि ती दाखवायला त्यांनी १८७६ सालची अध्यक्षाची निवडणूक निवडली. त्या निवडणुकीत दोन माणसं उभी होती. एकाला दुसऱ्यापेक्षा अडीच लाख मतं जास्त पडली, आणि एका मतानं तो हरला.

वर्गात कुणाला काही कळेना. अडीच लाख जास्त आणि एका मतानं हरला, म्हणजे काय? प्रोफेसर फळ्यावर चौकोन काढून समजावू लागले. प्रत्येक राज्यातले लोक आधी आपले प्रतिनिधी निवडतात, ते प्रतिनिधी अध्यक्ष निवडतात, राज्य ज्याचं त्याला तिथली सगळी मतं. आम्ही माना हलवत होतो आणि वहीत चौकोन काढत होतो. तेवढ्यात शेवटच्या बाकावरनं आवाज आला.

"सर, आमच्याकडं भाऊकीत डोसकी मोजत न्हाईत, उंबरं मोजत्यात. एका उंबऱ्याच्या आत दहा माणसं असू द्यात न्हाईतर दोन, मत एकच."

सगळा वर्ग हसला. प्रोफेसर हसले नाहीत. खडू खाली ठेवून ते म्हणाले की एवढ्या वर्षांत मला ही गोष्ट इतक्या थोडक्यात सांगता आली नाही, फक्त एवढं ध्यानात घ्या की तिथं मोठ्या उंबऱ्याला जास्त मतं असतात. आमच्या भागात गाव किती मोठं हे विचारलं तर उत्तर उंबऱ्यांतच येतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त अमेरिकेलाही उंबरे असतात हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मुली पुढच्या दोन बाकांवर बसायच्या आणि मागं वळून बघणं चांगलं समजत नसत. मी वळून बघितलं. गगनबावड्याचा मुलगा होता. बोर्डिंगात राहायचा. तिकडं पावसाळाभर कपडे वाळत नाहीत, म्हणून त्याच्या सदऱ्याला सुटीनंतर महिनाभर ओल्या लाकडासारखा वास यायचा, असं त्याच्या शेजारी बसणारे सांगायचे. मला त्या दिवशी फक्त दिसलं की वर्ग आपल्याला हसला याचं त्याला काहीच वाटलेलं नाही. तो फळ्याकडं बघत होता, पुढं काय झालं ते ऐकायला.

पुढं असं झालं होतं. दक्षिणेकडच्या तीन राज्यांतनं दोन दोन दाखले आले. एक म्हणतो आमच्याकडं हा जिंकला, दुसरा म्हणतो तो जिंकला, आणि दोन्ही दाखल्यांवर सह्या आणि शिक्के. खरा कुठला? तिथं नुकतीच गुलामगिरी संपली होती. जे काळे लोक पहिल्यांदाच मत द्यायला लागले होते त्यांना धाक घालून, मारून, मतदानाच्या जागेवरनं हाकललेलं होतं. त्यामुळं पडलेली मतं मोजायची की पडू न दिलेली, असा पेच. शेवटी पंधरा जणांचा आयोग नेमला. ते पंधरा पंच बसले आणि प्रत्येक राज्याचा निकाल आठ विरुद्ध सात असा देत गेले. एका मतानं.

प्रोफेसरांनी ठरवलं की आपण हा आयोग कॉलेजच्या हॉलमधे बसवायचा. पंधरा विद्यार्थी पंच, दोन वकील, बाकीचे प्रेक्षक. वकिलांच्या चिठ्ठ्या टाकल्या. जास्त मतं मिळूनही हरला त्याची बाजू गगनबावड्याला आली आणि जिंकला त्याची मला.

त्या विषयावरचं जाडजूड पुस्तक लायब्ररीत एकच होतं आणि ते बाहेर न्यायची परवानगी नव्हती. म्हणून आम्हाला एकाच टेबलावर समोरासमोर बसून वाचणं भाग पडलं. भाग पडलं असं मी घरी सांगितलं. लायब्ररीचा शिपाई दर थोड्या वेळानं आमच्या बाजूला येऊन खोकायचा. त्याला खोकला नव्हता. आम्ही बोलायचो ते फक्त त्या निवडणुकीबद्दल, कारण दुसरं काही बोलायची सोय नव्हती. पण महिनाभर एकाच गोष्टीबद्दल बोललं की माणूस आतून बाहेरून कळतो. तो वाचताना ओठ हलवायचा. वाक्य संपायच्या आत हसायचा, त्यामुळं विनोद काय होता ते पुन्हा विचारावं लागायचं. आणि स्वतःच्या विरुद्ध मुद्दा सापडला की पुस्तक फिरवून माझ्याकडं सरकवायचा. "ह्यो तुमच्या कामाचा हाय," म्हणायचा. असला वकील मी पुढं कधी बघितला नाही. गावाकडनं आलेले तळलेले फणसाचे गरे तो कागदात गुंडाळून आणायचा आणि पुस्तकाच्या आड ठेवायचा. ते मी शिपायाची पाठ फिरली की खायची. अजून तो तेलकट कागदाचा वास कुठं आला की मी जागच्या जागी थांबते.

मैत्रिणींनी मला चिडवून हैराण केलं. तुझ्या वकिलाला जिंकू दे, म्हणजे तुझं भलं होईल, असं म्हणायच्या. मी म्हणायची मी कशाला हरू. आणि हरले नाही.

तो दिवस मला लख्ख आठवतो. हॉल भरला होता. पंच निवडताना प्रोफेसरांनी चलाखी केली होती, सात जण बोर्डिंगातले घेतले आणि सात गावातले. पंधरावा जेवायला बोर्डिंगात आणि झोपायला मामाकडं गावात, असा अधांतरी होता. मी बोलले ते हाकललेल्या लोकांच्या वतीनं. म्हटलं, ज्यांना उंबऱ्याच्या बाहेर पडू दिलं नाही त्यांची मतं कुठं गेली ते आधी सांगा, मग अडीच लाख मोजा. बोलताना माझा आवाज कापत होता आणि लोकांना वाटलं की तो कळवळ्यानं कापतोय. तो बोलला शांतपणे. म्हणाला की धाक घातला त्यांना फासावर द्या, पण पंधरा माणसांनी खोलीत बसून कोट्यवधींचा निकाल फिरवू नका. प्रेक्षकांचे हात वर करायला सांगितले तर निम्म्याहून जास्त हात त्याच्या बाजूनं. पंचांचं मत घेतलं तर बोर्डिंगचे सात त्याला, गावातले सात मला आणि पंधरावा, मामाच्या घरी रात्री परत जायचं म्हणून असेल, मला. आठ विरुद्ध सात.

टाळ्या थांबल्यावर प्रोफेसरांनी उठून पुढची हकीगत सांगितली, ती त्यांनी तोवर राखून ठेवली होती. हरलेल्या बाजूनं निकाल मान्य केला, पण फुकट नाही. आतल्या आत बोलणी झाली. तुमचा अध्यक्ष होऊ दे, पण दक्षिणेतलं सैन्य मागं घ्या. आणि ते सैन्यच त्या काळ्या मतदारांच्या राखणीला होतं. ते परत फिरलं, आणि त्या लोकांचं मत पुढं किती पिढ्या गेलं ते गेलं. म्हणजे ज्यांच्या नावानं भांडून माझी बाजू जिंकली, त्यांनाच माझ्या बाजूनं वाऱ्यावर सोडलं. मला प्रोफेसरांचा राग आला. जिंकल्याचा आनंद त्यांनी चार मिनिटंसुद्धा टिकू दिला नाही.

हॉलमधनं बाहेर पडताना तो माझ्या शेजारी आला. कॉलेजात सगळ्यांसमोर शेजारी येण्याची पहिलीच वेळ. म्हणाला, सहामाही परीक्षा झाली की माझ्या मामांना तुमच्या वडलांकडं धाडू का? मला माझ्याबद्दलचं काही विचारण्याचीसुद्धा ती पहिलीच वेळ होती. आमच्या घरात मुलींना सांगत, विचारत नसत. मी म्हटलं, धाडा.

मामा आले. फेटा बांधलेले, बोलायला गोड. वडलांना स्थळ पसंत पडलं. मुलगा पदवीधर होणार, पुढं शाळेत नोकरी, जात एक, कुळं जुळत होती. आईनं पोह्यांबरोबर लाडू ठेवले यावरून मला कळलं की तिलाही पसंत आहे. त्या दिवशी नेमके थोरले काका गावाकडनं आले होते. गाव राधानगरीच्या रस्त्यावर, आमची शेती तिकडं, आणि भाऊकीत शब्द त्यांचा चालायचा. त्यांनी मामांना सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "पावणं, देवक काय तुमचं?"

देवक म्हणजे लग्नात मांडवाला बांधायचा कुळाचा डहाळा. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर मुलगा मुलगी बहीणभाऊ धरायची, लग्नाचं नाव काढायचं नाही. मामा म्हणाले, कळंब. काकांनी हातातली कपबशी खाली ठेवली. म्हणाले, आमचंही कळंबच.

वडील म्हणाले, असं कसं, आपलं पंचपल्लव. माझ्या स्वतःच्या लग्नात पाच झाडांचा पाला बांधलेला मी बघितलाय. त्यावर काका म्हणाले की त्या साली कळंबाचा डहाळा मिळाला नाही म्हणून नाइलाजानं पाच झाडांचा पाला बांधला, पुढं तीच सवय पडली, त्यानं देवक बदलत नाही. वडील म्हणाले, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. काका म्हणाले, तुम्ही शहरात, तुम्हाला कोण सांगणार.

मी दाराआड होते. पहिल्यांदा मला हसूच आलं. एका घरातनं दोन दाखले, दोन्हींवर शिक्का. हे उद्या लायब्ररीत सांगितलं की तो वाक्य संपायच्या आत हसेल, असं मनात आलं. मग काकांचा चेहरा दिसला आणि माझं हसू गेलं. काकांच्या मनात देवक नव्हतं. मामा गेल्यावर ते बोललेच, गगनबावड्याला पोरगी दिली तर पावसात कुजंल. पण पावसाचं कारण भाऊकीत चालत नाही, देवकाचं चालतं.

मग गावाकडं भाऊकी बसली. पाच उंबरे. थोरल्या काकांचा, आमचा, दोन चुलत चुलत्यांचे आणि धाकट्या काकींचा. धाकटे काका जाऊन तीन वर्षं झाली होती. काकींना मूल नव्हतं. वेगळं घर, वेगळी चूल, वाटणीला आलेलं रान त्या स्वतः कसायच्या. मी लहानपणी सुटीत त्यांच्याकडंच राहायची. डोक्याला तेल लावताना त्या इतक्या जोरात चोळायच्या की डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी रडले की म्हणायच्या, आता झोप लागंल बघ. मला त्या सगळ्या घरात त्याच जवळच्या.

पुरुष सोप्यात बसले, आम्ही बायका आतल्या खोलीत. आत निकाल कधीच लागला होता. आत्या, चुलत काक्या, त्यांच्या सुना, सगळ्यांना मुलाची माहिती होती, सगळ्या म्हणत होत्या पोरगं चांगलं हाय. डोकी मोजली असती तर माझं लग्न तिथंच ठरलं असतं. पण डोकी मोजायची रीत नव्हती. बाहेर एका चुलत्यानं काकांची बाजू धरली, दुसऱ्यानं वडलांची. दोन आणि दोन.

तेव्हा धाकट्या काकी उठून दारात गेल्या. पदर ओढून, पण आवाज न चोरता म्हणाल्या, "पंचपल्लव हाय. माझ्या लग्नात मी डोळ्यानं बघितलाय. आणि उंबरा माझा हाय की, तवा मलाबी इचारा."

थोरले काका त्यांच्याकडं न बघता म्हणाले की ज्या उंबऱ्यात बापय माणूस नाही तो थोरल्या घरात धरायचा, ही रीत आहे. आमच्या बाजूच्या चुलत्यानं विचारलं, कधीपास्नं? काका म्हणाले, पहिल्यापास्नं. पहिल्यापासून म्हटलं की आमच्याकडं पुढं विचारता येत नाही.

त्या दिवशी वडील बोलले तसे ते आयुष्यात कधी बोलले नसतील. चूल वेगळी, शेतसारा वेगळा, मग मत एकाच उंबऱ्याचं कसं, असं त्यांनी थोरल्या भावाला तोंडावर विचारलं. मी दाराला कान लावून बसले होते. कचेरीत मान वर न करणारा हा माणूस माझ्यासाठी आणि काकींसाठी उभा राहिलाय, असं मला वाटत होतं. मग काकांनी त्यांना बाजूला बोलावलं. दोघं गवताच्या गंजीकडं गेले. तिथं काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा वडलांनी आमच्या दाराकडं बघितलं नाही, आणि मला कळलं.

ठरलं ते असं. मुलीचं शिक्षण पुरं होऊ द्यायचं, पदवी मिळेपर्यंत भाऊकीतलं कुणी लग्नाचा तगादा लावणार नाही. देवक कळंब. धाकट्या काकींचा उंबरा थोरल्या घरात. तीन विरुद्ध दोन.

परतीच्या मोटारीत वडील एवढंच म्हणाले की पदवी तरी पुरी होईल. मी खिडकीतनं बाहेर बघत राहिले. मला पदवी नको होती असं नाही. पण तिची किंमत कोण देणार हे त्या गंजीकडं ठरलं आणि मला कुणी विचारलं नाही, काकींनाही नाही. त्यानंतर भाऊकीत कधी काही ठरवायचं झालं तर काकींना बोलावणं गेलं नाही. चार उंबरे बसायचे. त्यांनी माझ्यासाठी तोंड उघडलं आणि त्यापायी त्यांचा उंबराच बुजला. त्यांनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही. दरवर्षी सुगी झाली की भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं मात्र न चुकता धाडायच्या.

त्याला मामांकडून कळलं होतं. कॉलेजच्या रस्त्यावर तो सायकल धरून उभा होता. मला बघून हसायला गेला आणि जमलं नाही. म्हणाला, दोन दाखले आले की असंच हुतंय. मी वाट बघत होते. काही न करता नुसती उभी राहून वाट बघत होते की तो म्हणेल चला, पुण्याला जाऊ, मुंबईला जाऊ, रजिस्टर करू. तशी लग्नं तेव्हा होत नव्हती असं नाही. तो म्हणाला, "मी आता भांडलो तर तुमच्या घरात फूट पडंल. माझ्यापायी तसलं नगं." आणि सायकल वळवून गेला.

अमेरिकेतला तो हरलेला उमेदवारसुद्धा असाच गेला. त्याचे लोक लढायला तयार होते, त्यानं त्यांना घरी जायला सांगितलं आणि स्वतः घरी गेला. अडीच लाख माणसं जास्त पाठीशी असताना जो गुपचूप घरी जातो त्याला इतिहासात सभ्य म्हणतात. मी त्याला काय म्हणते ते छापण्यासारखं नाही. लोक मला सांगतात, तेव्हाचा काळच वेगळा होता. काळ वेगळा नव्हता, मी तिथंच उभी होते.

पदवी मिळाली. त्याला कुठंतरी शाळेत नोकरी लागली एवढं मैत्रिणीकडून कळलं. कुठं ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, कोल्हापुरातल्याच घरात. नवरा बँकेत होता, स्वभावानं मऊ, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. मी सुखी होते, हे मी खोटं सांगत नाही. पण पावसाळ्यात वर्तमानपत्रात कुठं किती पाऊस पडला त्याचे आकडे यायचे, ते मी रोज वाचायची. पहिल्यांदा गगनबावडा बघायची. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस तिथंच पडायचा, तरी दर सकाळी बघितल्याशिवाय मला चहा गोड लागायचा नाही. तो तिथं नसेलही. त्याचा सदरा तिथं वाळत नसेल एवढंच मला कळायचं. नवऱ्यानं एकदा विचारलं, तुला काय शेती करायची आहे का? मी हसले. रडायलाही आलं असतं, पण त्यानं विचारलं ते साधेपणानं.

पहिल्या निवडणुकीत यादीत माझं नावच नव्हतं. त्यामुळं माझं पहिलं मत सत्तावन्न सालचं. मतदान जवळच्या शाळेत होतं. बायकांची रांग वेगळी. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पडद्याआड मांडलेली, तिच्यावर चित्र. आमच्या गल्लीतल्या बायका लग्नाला निघाल्यासारख्या नटून आल्या होत्या. आत दोन टेबलं. पहिल्यावरचा माणूस यादीत नाव शोधून मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यावरचा बोटाला शाई लावायचा. शाळामास्तरांना या कामाला लावायचे हे मला ठाऊक होतं. तरीसुद्धा दुसऱ्या टेबलाशी तो बसलेला असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं. केस पुढून विरळ झाले होते. डोळ्यांना चष्मा. पुढचं नाव ऐकताना ओठ हलत होते.

त्यानं मला बघितलं, आणि लगेच बाटलीकडं बघितलं.

पहिल्या टेबलावरच्या माणसानं माझं नाव वाचलं. आधी माझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. कॉलेजात माझ्या नावामागं वडलांचं नाव होतं, आता हे होतं. त्यानं ते सगळं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "डावा हात द्या."

महिनाभर आम्ही एका टेबलावर समोरासमोर बसलो होतो, आणि त्यानं मला कधी बोटही लावलं नव्हतं. आता त्यानं माझं बोट धरलं. धरायलाच लागतं, नाहीतर शाई पसरते. त्याचा हात गार होता. काडी बाटलीत बुडवून त्यानं नखाच्या मुळाशी रेघ ओढली, सावकाश, नख आणि कातडी दोन्हीवर येईल अशी, नियमात सांगितलं असेल तशी. रेघ ओढून झाली तरी त्यानं बोट सोडलं नाही.

"वाळू द्या," तो म्हणाला. "लगेच पुसू नका."

मी म्हटलं, नाही पुसणार. मागची बाई म्हणाली, आटपा की हो, पोरगं घरात रडत असंल. त्यानं हात सोडला आणि पुढच्या बाईला म्हणाला, डावा हात द्या. मी पडद्याआड गेले, मत दिलं, कुणाला दिलं ते मला आज आठवत नाही.

कातडीवरची शाई आठ-पंधरा दिवसांत गेली. नखावरची राहिली. नख वाढेल तशी ती रेघ वर सरकत गेली. शुक्रवारी नखं कापायला बसले की मी नऊ बोटांची कापायची आणि ते एक ठेवायची. सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं, हे एक का वाढवलंस? मी म्हटलं, विसरले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा विसरले म्हणाले.